उजवी वरची, डावी खालची

१

"पापणीवरची साधी गाठ. डावी बाजू, खालची पापणी. दोन मिलिमीटर. जन्मापासून. रुग्णाला आरशात पाहताना वाईट वाटते म्हणून काढली. तपासणीची गरज नाही."

अंजू राठोडनं हे तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिची कानशिलं तापली.

दुपारची वेळ. पाळण्यात अकरा महिन्यांची चिमी झोपलेली, पाळण्याची दोरी अंजूच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली आणि समोर पालथ्या घातलेल्या डब्यावर लॅपटॉप. आर्णीच्या त्या दोन खोल्यांतून ती यवतमाळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम करायची. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि आजाराला ठरलेला कोड लावायचा. पुढं सरकारी योजनेवाले काय, विमावाले काय, माणसाचं तोंड पाहत नाहीत. ते कोड पाहतात आणि हो किंवा नाही म्हणतात. पापणीवरच्या गाठीला बाजूप्रमाणे चार वेगळे कोड: उजवी वरची, उजवी खालची, डावी वरची, डावी खालची. शिवाय एक नियम तिनं मनाशी घट्ट बांधलेला. गाठ 'साधी' आहे हे प्रयोगशाळेनं सांगायचं. काढलेला तुकडा बाटलीतून नागपूरला जातो, अहवाल येतो, तोवर फाइल रोखून धरायची.

रोखलेल्या फायलींची तिची एक वहीच होती. नेट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक फाइलची एक ओळ ती पेनानं लिहून ठेवायची. तिनं वही उघडली. दोन महिन्यांपूर्वीची ओळ:

"सुखीबाई फुलसिंग पवार, ६३, फुलसावंगीजवळचा तांडा. उजवी वरची. नऊ मि.मी. आठ महिन्यांत वाढली. रक्त येते. बुबुळ झाकते. अहवाल बाकी."

उजवीची डावी झाली होती, वरचीची खालची झाली होती. नवाचे दोन झाले होते. रक्त पुसलं गेलं होतं आणि त्या जागी एक आरसा आला होता.

फाइल कोणी बदलली ते संगणक सांगतो. अंजूनं पाहिलं आणि पाळण्याची दोरी ओढायची विसरली.

नाव होतं फरीदा शेख. अंजू या कामाला नवी असताना जिनं कागदावर पेन्सिलीनं दोन डोळे काढून तिला चार पापण्या शिकवल्या होत्या, ती दवाखान्यात रुग्ण तपासून नोंद लिहिणारी फरीदा आपा.

२

सुखीबाई अंजूच्या माहेरच्या तांड्यातली. अंजूनं आईला फोन करून तिची खुशाली विचारली, तर दुसऱ्या दिवशी सुखीबाईच लेकाच्या मोटरसायकलवर बसून दारात हजर. पाणी प्यायच्या आधी तिनं ओढणी मागं सारली.

"पाह्य, छोरी."

उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर शिवलेला वण, आणि वणाच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा नवा लाल फुगा.

"याडी, परत आली ही?" अंजूच्या तोंडून आपसूक 'आई' अशी माहेरची हाक निघाली.

"महिनाभऱ्यात आली. दवाखान्यात गेलती मी. ते डेस्कावालं पोट्टं म्हणे, आजी, कागदावर साधी गाठ लिवली हाये. दिसन्यासाठीचं काम योजनेत बसत नाही. म्या म्हटलं, बापा, आता माह्या तोंडाकडे कोन पाहून राह्यलं? मले दिसत नव्हतं म्हून आलती."

अंजूनं तिला फाइलमधली आरशाची ओळ वाचून दाखवली. सुखीबाई आधी हसली.

"आरसा? आरसे माह्या ओढनीले हायेत, पन्नास. ते लोकायनं पाहावं. मी कायले पाहू?"

मग चिमीला मांडीवर घेत तिनं आवाज खाली आणला. "माह्या भावाले गालावर अशीच गाठ होती. साधी म्हनले. कोनी तपासली नाही. दीड वर्षात गेला तो. मी नातीच्या लग्नाची ओढनी भरून राह्यली, छोरी. अर्धी झाली. मले एवढंच सांग, माही गाठ साधी हाये का नाही? जे असन ते सांग. पन कागदाचं नको सांगू, गाठीचं सांग."

अंजूनं वहीतली ओळ पुन्हा पाहिली: अहवाल बाकी. दवाखान्यात ज्यांच्याजवळ उत्तर असायला हवं होतं, त्यांनी प्रश्नच पुसून टाकला होता.

३

गुरुवारी ती चिमीला कडेवर घेऊन एस.टी.नं यवतमाळला गेली.

तपासणीच्या खोलीत फरीदा एकटीच होती. टेबलावर एक पत्र. फाइलमध्ये खोटी नोंद केल्याबद्दल शनिवारी अकरा वाजता खुलासा द्यावा.

"तू बी हेच विचाराले आली का?" फरीदा म्हणाली. "योजनेच्या कार्यालयातून विचारणा आली म्हणे, आधी एक लिहिलं, मग दुसरं काहून. नाव माहं निघालं."

"मी विचारायला नाही आली, आपा. समजून घ्यायला आली. तुम्ही बाजू कशी लिहिता?"

"पेशंटले हात वर करायले लावते. ज्या बाजूचा डोळा, त्या बाजूचा हात. मग पूर्ण चेहऱ्याचा फोटो काढते, मग लिहिते. अन् बाटलीवरचं लेबल बी तवाच, माह्या हातानं. बारा साल झाले, एक बाजू चुकली नाही माही."

"फाइलमध्ये चेहऱ्याचा फोटो नाही."

फरीदाचा चेहरा उतरला. "मी टाकलता. कसम से."

"मग तुमच्या नावानं कोण शिरलं?"

फरीदा कडवट हसली. "कोण नाही शिरलं ते विचार. सकाळी आठले पहिली मी येते. बाहेरचा संगणक मी उघडते, अन् दिवसभर सगळे त्याच्यातच लिहितात. बंद करून आपल्या नावानं उघडायचा कंटाळा. घर सगळ्यायचं, अन् पाटी माह्या नावाची."

बाहेर काउंटरवर विमलताई बसल्या होत्या. दवाखाना सुरू झाला तेव्हापासून त्याच खुर्चीवर. चिमीनं काउंटरवर झुकून खालच्या फळीवरच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला हात घातला, तशा विमलताई केवढ्यानं तरी ओरडल्या.

"हात नको लावू देऊ तिले!"

चिमीनं भोकाड पसरलं. विमलताई वरमल्या, तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "उगी माय, उगी. अंजू, चहा घे. माह्यातला नको घेऊ, बिनसाखरेचा हाये. शुगर निघाल्यापासून बारा वर्षं झाले, गोड तोंडात नाही गेलं."

"ताई, नागपूरचं पार्सल तुमच्याच हातून जातं ना? सुखीबाई पवारची बाटली गेली होती?"

विमलताईंची बशी वाजली. "पार्सल येतात, जातात. मी सही करते. बाकी मले काही विचारू नको, बाई. रिटायर व्हाले सात महिने राह्यले माहे."

'जातात' एवढंच म्हणून त्यांना थांबता आलं असतं. त्या 'येतात' आधी म्हणाल्या होत्या.

४

क्लेम डेस्कवर ऋतिक होता. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज.

"मॅडम, बाळाला घेऊन एवढ्या लांब? फोन करायचा ना. कॉस्मेटिक केस आहे ती. कॉस्मेटिकचा तुकडा आपण पाठवतच नाही, म्हणून अहवाल नाही. तुम्ही फक्त कोड लावा."

"बाटली भरलीच नव्हती?"

"नव्हती."

शस्त्रक्रिया करणारे डॉ. शाम इंगळे पुढच्या पेशंटकडे निघाले होते. अंजू त्यांच्या मागं मागं चालत राहिली.

"बाटली? भरली की. मी स्वतः तुकडा टाकला," ते चालता चालताच म्हणाले. "पुढचं डेस्क बघतं. हे बघा, मी रुग्णाच्या डोक्याशी बसतो. चेहऱ्यावर हिरवं कापड, छिद्रातून डोळा तेवढा दिसतो. सिस्टर माझ्या शेजारून टेबलावरचा एक फोटो काढते, तो डेस्कला पाठवते. डेस्क प्रयोगशाळेचा अर्ज भरतं. माझा संबंध संपला. फरीदानं घोळ घातला आहे, शनिवारी बघू."

डॉक्टर म्हणतात भरली, ऋतिक म्हणतो भरलीच नाही. दोघांतलं एक कोणीतरी खोटं बोलत होतं, किंवा दोघंही कोणाला तरी वाचवत होते.

परतीच्या एस.टी.त चिमी मांडीवर झोपली आणि अंजूनं मोबाइलवर आपल्या जुन्या फायलींत एकच वाक्य शोधलं: आरशात पाहताना वाईट वाटते.

पाच फायली निघाल्या. पाचही जण एकाच शिबिरातले, एकाच दिवशी टेबलावर गेलेले, पाचांचे अहवाल नाहीत. सुखीबाईची फाइल सोडून बाकीच्या चार अंजूनंच मागच्या महिन्यात पुढं पाठवल्या होत्या. त्या आठवड्यात चिमीला ताप होता आणि तिनं वही उघडलीच नव्हती. तिला स्वतःच्याच हातांचा राग आला.

चौथी फाइल बाभुळगावच्या बाबुलालची. वय एकाहत्तर. खालच्या पापणीची गाठ, कारण तेच, आरशात पाहताना वाईट वाटते.

वरच्या ओळीत त्यांचा जुना आजार लिहिला होता. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांनी नऊ वर्षांपासून काहीच दिसत नाही.

आंधळ्या माणसाच्या हातात आरसा देऊन कोणीतरी मोकळं झालं होतं!

५

पण कोण? रागानं माणूस सापडत नाही. आणि शनिवार एका दिवसावर आला होता.

शुक्रवारी सकाळी चिमीला पापणीवर डास चावला. झोपेत पापणी टम्म फुगलेली. अंजू पाळण्याच्या उशाशी बसलेली होती. लेकरू जागं होऊ नये म्हणून तिथूनच वाकून तिनं मोबाइल जवळ नेला, डोळ्याचा फोटो काढला आणि नवऱ्याला, लखनला, पाठवला. लखनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान मेडिकलच्या शेजारीच होतं.

दोन मिनिटांत त्याचा फोन. "मेडिकलवाला विचारून राह्यला, डोळ्यात तं नाही ना गेलं? डाव्या डोळ्याच्या खालीच चावला दिसते."

"डाव्या कुठं? उजव्या. अन् वरच्या पापणीला."

"मले काय दिसत नाही? फोटो समोर हाये माह्या. डावा डोळा, खालची पापणी."

"अहो, लेकरू माझ्यासमोर आहे..."

अंजू बोलता बोलता थांबली. तिनं फोन कानापासून काढला, फोटो उघडला आणि मोबाइल उलटा फिरवला. डोक्याची बाजू वर, पायांची बाजू खाली. मग पुन्हा सुलटा. मग पुन्हा उलटा.

कान, कपाळ, ओठ काही नाही. फक्त एक डोळा. उशाशी बसून काढलेला उजवा डोळा फोटोत हुबेहूब डावा दिसत होता, आणि त्याची वरची पापणी खाली आली होती.

उजवी वरची. डावी खालची.

"अहो, उद्या दुकान उशिरा उघडा," ती लखनला म्हणाली. "मला अकराच्या आत यवतमाळात पोचायचं आहे."

६

डॉक्टरांच्या केबिनमध्ये फरीदा भिंतीला टेकून उभी होती. ऋतिक खुर्चीत बसला होता. विमलताईंना सही करायला बोलावलं होतं. लखन बाहेर चिमीला घेऊन फेऱ्या मारत होता.

"सर, खुलाशाच्या आधी एक मिनिट," अंजू म्हणाली. "माझ्या लेकीला डास चावलाय. कोड लावायचा तर काय लावायचा? ऋतिक, तुम्ही सांगा. तुम्हाला रोजची सवय."

ऋतिकनं मोबाइल हातात घेतला. "सोपं आहे, मॅडम. डावी, खालची."

तिनं मोबाइल डॉक्टरांपुढं धरला. त्यांनी एक नजर टाकली. "उजवी वरची. पापण्यांच्या केसांची दिशा बघा ना. डोक्याकडून काढलाय फोटो."

फरीदानं मोबाइल न विचारता उलटा फिरवला. "उजवी वरची."

"विमलताई?"

"मले कायले विचारते? असले फोटो मले येतच नाहीत."

"तेच," अंजू म्हणाली. तिनं मोबाइल टेबलावर ठेवला. "सुखीबाईची बाजू उगाच कशीतरी चुकलेली नाही, सर. फोटो जसा फिरतो तशी फिरली आहे. फरीदा आपा पेशंटला समोर बसवून हात वर करायला लावतात, त्या चुकत नाहीत. तुम्ही डोक्याशी बसता, तुम्ही चुकत नाही. ताईंकडे फोटोच नाही. ही चूक एकच माणूस करू शकतो. ज्याच्याकडे टेबलावरचा फोटो येतो आणि ज्यानं अर्ज भरेपर्यंत पेशंटचं तोंड एकदाही पाहिलेलं नाही."

"मॅडम, तुम्ही काय बोलताय?" ऋतिक उठला.

"शिबिराच्या संध्याकाळी तुम्ही पाच अर्ज भरले. माझ्या वहीशी ताडून पाहिलं, पाचही बाजू उलट्या. बाटल्यांवर लेबलं आपांची, बरोबर. नागपूरला दोन्ही जुळेनात. प्रयोगशाळा अशा वेळी काय करते, सर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "परत पाठवते."

"पार्सल परत आलं. डॉक्टरांकडून दुरुस्ती करून पुन्हा पाठवायचं, एवढंच काम होतं. पण मग पाच अर्ज चुकले हे दिसलं असतं. म्हणून अर्ज दुरुस्त झाले नाहीत, फायली बदलल्या गेल्या. चेहऱ्याचे फोटो काढून टाकले. आजाराला हौस ठरवलं, म्हणजे अहवाल कोणी मागणार नाही. आणि नाव आपांचं, कारण संगणक आपांच्या नावानं उघडा."

"पुरावा काय?" ऋतिकचा गोड आवाज आता आंबला होता. "बाटली कुठं आहे? बाटली नव्हतीच!"

अंजू विमलताईंकडे वळली. "ताई, बारा वर्षं तुम्ही गोड खाल्लं नाही. मग बिस्किटाच्या डब्याला माझ्या लेकराचा हात लागला, तर एवढ्या काहून ओरडलात?"

विमलताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्या बाहेर गेल्या आणि डबा छातीशी धरून परत आल्या.

झाकण उघडलं. आत जुन्या ओढणीच्या घडीत पाच छोट्या बाटल्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात रबरानं बांधलेली प्रयोगशाळेची चिठ्ठी. सुखीबाईच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: बाटलीवर उजवी वरची, अर्जावर डावी खालची. जुळत नाही. परत.

"यानं मले सांगतलं, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका," विमलताई म्हणाल्या. "म्या म्हटलं, डॉक्टरची सही आन. तं म्हणे, ताई, राह्यलेले महिने नीट काढा. मी भ्याली, साहेब. बोलली नाही, ते माहं चुकलं. पन फेकलं बी नाही. मानसाचं मांस हाये ते. कोनाच्या तरी आंगाचं. कचऱ्यात कसं टाकू?"

ऋतिक खाली बसला. "साध्याच असतात, सर. शंभरातल्या नव्व्याण्णव. माझ्या नावावर आधीच चुकांच्या लाल खुणा होत्या. मला कळलं चूक माझी आहे, पण कशी झाली तेच कळेना..."

"कळेना, तर विचारायचं होतं!" अंजूचा आवाज बाहेर लखनपर्यंत गेला. "चूक माझीही झाली. चार फायली मी डोळे मिटून पुढं ढकलल्या. चूक सगळ्यांची होते. पण तुम्ही ती लपवायला एका म्हाताऱ्या बाईला नटवी ठरवलं! जिला सुई ओवताना दिसत नव्हतं, तिच्या तोंडी आरसा घातला. आंधळ्या माणसाच्या तोंडी घातला. आणि आपांच्या नावावर घातला. शंभरातल्या नव्व्याण्णव साध्या, हो ना? मग शंभरावी कोण, हे तुम्ही ठरवणार? डेस्कवर बसून?"

डॉक्टरांनी फरीदाचं पत्र उचललं आणि दोन तुकडे केले. "फरीदा, मी..."

"माफी नंतर मागा, सर," फरीदा म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत. बाटल्या एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. "औषधाचं पाणी शाबूत हाये. तुकडे चांगले हायेत. आधी पार्सल."

बाटल्यांवरची लेबलं फरीदानं वाचून दाखवली, डॉक्टरांनी पाचही अर्ज नव्यानं भरले आणि सही केली. दुपारच्या गाडीनं पार्सल नागपूरला गेलं, आणि या वेळी सोबत विमलताई स्वतः गेल्या.

७

नऊ दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा अंजू चिमीला भरवत होती. डेस्कवर आता नवा माणूस होता, आणि संगणकात प्रत्येकाला आपल्या नावानं शिरावं लागत होतं.

"अहवाल आले," डॉक्टर म्हणाले. आवाज मोकळा होता, जरा जास्तच मोकळा. "चार साध्या निघाल्या. सुखीबाईंचीही साधी. परत आली आहे ती काढून टाकू, योजनेत बसेल. म्हणजे बघा, एवढा गोंधळ झाला, पण शेवटी तसं काही..."

"आणि पाचवी, सर?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सर, पाचवी?"

"बाबुलालची साधी नाही," डॉक्टर हळू म्हणाले. "वेळेत कळलं आहे. आज त्यांच्या घरी मीच फोन केला. सोमवारी नागपूरला नेतोय."

अंजूनं चिमीच्या ओठांवरचा भात पुसला. तोंडाशी आलेले शब्द लेकरापुढं बोलण्यासारखे नव्हते. ती एवढंच म्हणाली, "शंभरात नव्हता, सर. पाचात होता."

मग तिनं बाबुलालची फाइल उघडली. आरशाची ओळ खोडली आणि जिथं लिहिणाऱ्यानं आपलं नाव द्यायचं, तिथं स्वतःचं पूर्ण नाव टाकलं. मग दुसरी, मग तिसरी. शेवटी सुखीबाईची. उजवी वरची. नऊ मिलिमीटर. कारणाच्या रकान्यात तिनं सुखीबाईनं सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं: रुग्णाला दिसत नव्हते.

आणि फोन लावला.

"याडी, अंजू बोलते."

"बोल छोरी." तिनं लगेच विचारलं, "कागदाचं का गाठीचं?"

"गाठीचं. साधी आहे."

 पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला आणि मागं कुठंतरी नात हसली.

"थांब जराशी," सुखीबाई म्हणाली, "सुई हातातून पडली माही. सापडू दे."